कॅबिनेटबरोबर फुकट!

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी सुटे भाग आणून घरच्या घरी कॉम्प्युटर जोडला आहे का? बरं, जोडला नसेल, पण तसं स्वप्न तर नक्कीच पाहिलं असेल. मग सांगा बरं, त्या स्वप्नात सगळ्यात आधी काय येतं? ग्राफिक्स कार्ड! त्याच्यामागून प्रोसेसर, रॅम, रंगीबेरंगी दिव्यांचा कीबोर्ड... आणि एसएमपीएस? छे! तो कुणाच्याच स्वप्नात येत नाही. कॅबिनेटच्या कोपऱ्यात बसणारी, पंखा लावलेली पत्र्याची ती पेटी. भिंतीतल्या प्लगची वायर जिच्या पाठीत घुसते आणि जिच्या पोटातून वायरींचं जंजाळ बाहेर येतं, तीच ती. मीही ती सगळ्यात शेवटी घेतली. घेतली कसली, मिळाली. त्याचीच ही हकिकत आहे.

आम्ही राहतो खडकवासल्याला. आमच्या गच्चीवरून धरणाची भिंत दिसते. पावसाळ्यातल्या रविवारी सारं पुणं आमच्या चौपाटीवर कणसं खायला लोटतं आणि आम्हाला मात्र साधा रस्ता ओलांडणं मुश्कील होतं. पण ते जाऊ दे.

२०१९ साली माझी दहावीची परीक्षा झाली. बाबांचं नि माझं ठरलं होतं, कॉम्प्युटरचे निम्मे पैसे मी घालायचे, निम्मे त्यांनी. माझ्याकडे दोन वर्षांच्या वाढदिवसांचे, दिवाळीचे आणि आत्याने दर खेपेला हातावर ठेवलेले असे मिळून साडेबावीस हजार जमले होते. म्हणजे एकूण पंचेचाळीस. मे महिन्यात मी नि बाबा बसने स्वारगेटला गेलो, तिथून चालत बुधवार पेठेत. तपकीर गल्ली तुम्हाला ठाऊक असेलच. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने तिरकं व्हावं, इतकी गर्दी. आणि दोन्ही बाजूंना दिवे, वायरी, स्पीकर, चार्जर यांची नुसती रास!

दुकानदारकाकांनी यादी पाहिली आणि बाबांना विचारलं, "मुलासाठी का?"

"माझ्यासाठी," मी म्हटलं. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

ग्राफिक्स कार्ड घेतलं जीटीएक्स १६६०. जवळजवळ वीस हजार त्यातच गेले. प्रोसेसर रायझन ५ २६००. सगळं घेऊन झाल्यावर पिशवीत उरले दीड हजार रुपये. यादीत शेवटची ओळ होती एसएमपीएस.

"त्याला कशाला पैसे घालवतेस? कॅबिनेटबरोबर फुकट आहे की," काका म्हणाले. "पाचशे वॅट!"

आता मला सांगा, कार्डाच्या खोक्यावर लिहिलं होतं, किमान ४५० वॅटचा एसएमपीएस हवा. हा तर पाचशेचा. म्हणजे पन्नास वॅट वरकड! मी खूश. उरलेल्या पैशांत माउस आला. फुकटच्या पेटीला कार्डासाठी लागणारी आठ पिनांची वायर नव्हती, तर काकांनी एक जोडवायर दिली. जुन्या पद्धतीचे दोन पांढरे प्लग एका बाजूला, आठ पिना दुसऱ्या बाजूला. ती जोडवायर म्हणजे धोक्याची सूचना होती. पेटीला मुळात कार्डाची वायरच नसेल, तर ती कार्डासाठी बनवलेलीच नाही. हे आज कळतं. तेव्हा मला ती जादूची वायर वाटली होती.

कॉम्प्युटर पहिल्या झटक्यात सुरू झाला. पुढचे तीन महिने कसे गेले ते विचारूच नका.

आता थोडं आजोबांकडे वळते, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. १९६१ साली आमचे आजोबा बारा वर्षांचे होते. धरणाच्या खालच्या अंगाला, नदीकाठी त्यांचं शेत नि गोठा होता. त्या वर्षीच्या १२ जुलैला काय झालं, हे पुण्यातल्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी सांगतंच. वरच्या बाजूला पानशेतचं मातीचं धरण नवं बांधत होते. काम पुरतं झालेलं नव्हतं आणि पावसाने त्यात पाणी भरलं. धरण खचायला लागलं तेव्हा रात्रभर जवानांनी वाळूची पोती रचली, पण सकाळी ते फुटलं. तो सगळा लोंढा खाली खडकवासल्यावर आला. आमचं खडकवासल्याचं धरण दगडी, १८७९ सालचं. ब्याऐंशी वर्षं ते उभं होतं. काही तास भिंतीवरून पाणी वाहत राहिलं आणि मग तेही फुटलं. पुण्याच्या पेठांत पाणी शिरलं, लकडी पूल पाण्याखाली गेला. आजोबा तेव्हा टेकाडावर उभे होते. तिथून त्यांनी काय काय पाहिलं, ते मी त्या जुलैत त्यांच्याकडून बोलून घेतलं होतं. तीन संध्याकाळी, माझ्या मोबाइलवर, मिळून दोन तास. मोबाइलमधली जागा संपली म्हणून सगळं कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर टाकलं आणि मोबाइलवरून पुसलं. जागा मला कशासाठी हवी होती? माझ्या गेमचे व्हिडिओ साठवायला!

ऑगस्टमधली संध्याकाळ. बाहेर धो धो पाऊस. मी ऐन रंगात आलेली. आणि कॅबिनेटमधून आवाज आला, फट्ट! पाठोपाठ जळका वास आणि घरभर अंधार. "काय गं, काय केलंस?" बाबा आतून ओरडले. मी काहीच केलं नव्हतं. तेच तर खरं.

दुसऱ्या दिवशी धायरीतल्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडे सगळं नेलं. एसएमपीएस जळलेला. मदरबोर्ड गेलेला. हार्ड डिस्क गेलेली. ग्राफिक्स कार्ड मात्र कसं कोण जाणे, वाचलं. डिस्कमधला मजकूर काढून देणाऱ्या एका ठिकाणी विचारलं, तर त्यांनी आकडा सांगितला तो कॉम्प्युटरच्या निम्म्या किमतीचा, आणि वर "निघेलच असं नाही" हेही सांगितलं.

आजोबांना मी चार दिवस हे सांगितलंच नाही. पाचव्या दिवशी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "अगं, आपलं धरण काय वाईट होतं? वरचं फुटलं, त्याला ते तरी काय करणार?"

मला तेव्हा वाटलं, आजोबांनी ऐकलंच नाही, ते आपल्याच तंद्रीत आहेत. पण दुरुस्तीवाल्या काकांनी ती पेटी उघडून दाखवली तेव्हा कळलं की आजोबा अगदी नेमकं बोलले होते. आमच्या घरात भिंतीतून येते २३० व्होल्टची वीज, तीही सेकंदाला पन्नासदा मागेपुढे होणारी. कॉम्प्युटरच्या नाजूक भागांना हवी असते एका दिशेने वाहणारी, १२, ५ आणि ३.३ व्होल्टची. हा बदल करतो एसएमपीएस. सगळे भाग त्याच्या खालच्या अंगाला. मदरबोर्ड कितीही भारी असो, वरून जे येईल ते त्याला घ्यावंच लागतं. चांगल्या एसएमपीएसमध्ये व्होल्ट वाढले, वायर वायरला चिकटली किंवा जास्त ओढ लागली, तर स्वतःला बंद करून घेण्याची सोय असते. माझ्या पेटीने तसं काही केलं नाही. जाता जाता १२ व्होल्टच्या वायरीत भलतंच काही सोडून गेली.

"हे बघ," काका म्हणाले. हिरव्या पट्टीवर जागा छापलेल्या होत्या, इथे अमुक गुंडाळी बसवायची, इथे तमुक कपॅसिटर. पण तिथे भाग नव्हतेच! काही जागा रिकाम्या, काही ठिकाणी नुसता तारेचा तुकडा टाकून पूल केलेला. "वजन करून बघ. हलकी आहे की नाही?" खरंच, दप्तरातला डबा जड वाटेल इतकी हलकी. (एक मात्र ऐका. काकांचं पाहून तुम्ही पेटी उघडायला जाऊ नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ तिथेच असतात. हे मी मोठी म्हणून सांगत नाहीये, काकांनी मला हात मागे घ्यायला लावला होता म्हणून सांगते.)

पण माझा प्रश्न वेगळाच होता. कार्डाला ४५० चा हवा होता, माझा तर ५०० चा होता. मग?

काकांनी पेटीवरचा कागद माझ्यासमोर धरला. "१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत?"

"सोळा."

"गुण त्यांना."

बारा सोळे एकशे ब्याण्णव. १९२ वॅट! मित्रांनो, सगळी मेख इथे आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन खादाड गडी जेवतात ते १२ व्होल्टच्या पंगतीत. माझं कार्ड घेतं १२० वॅट. प्रोसेसरच्या खोक्यावर ६५ लिहिलेलं असलं, तरी भरात आला की तो ८८ पर्यंत जातो. झाले २०८. म्हणजे पेटीच्या स्वतःच्याच कागदाप्रमाणे ती कमी पडत होती, आणि त्या कागदावर तरी किती विश्वास ठेवायचा? उरलेले वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यात दाखवलेले होते. पूर्वीचे कॉम्प्युटर ५ व्होल्टवर जास्त जेवत, त्या काळचा हा आराखडा. पाचशेचा आकडा सगळ्या रकान्यांची बेरीज फुगवून केलेला. दहावीला गणितात मला चांगले मार्क होते बरं का! पण दुकानात साधा एक गुणाकार केला नाही.

तिथून मग मला या पेटीचं वेडच लागलं. आणि खडकवासल्याची असल्याचा एक फायदा झाला. पावसाळ्यात आमच्याकडे पेपर उघडला की दोनच गोष्टी असतात, धरणात किती टीएमसी आणि सोडलं किती क्यूसेक. टीएमसी म्हणजे साठा. क्यूसेक म्हणजे दर सेकंदाला किती पाणी जातंय तो वेग. १ क्यूसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. विजेचंही तसंच आहे. वॅट म्हणजे क्यूसेक, आणि महिन्याच्या बिलात छापलेलं युनिट म्हणजे टीएमसी. अनेक जण हे दोन्ही एकच समजतात. म्हणून तर माझा एक मित्र साडेसातशे वॅटचा एसएमपीएस घ्यायला घाबरत होता, "आई म्हणेल बिल वाढलं." अरे, कालवा रुंद खणला म्हणून पाणी जास्त जातं का? शेताला लागेल तेवढंच सोडतात. कॉम्प्युटर ३०० वॅट मागत असेल, तर ७५० ची पेटीही ३०० च देते. उलट बाजूने, तीनशे लागतात तिथे हजाराची पेटी घेऊन मिरवण्यातही अर्थ नाही. ते पैसे रॅमला घाला.

बिलाला फरक पडतो तो वेगळ्या कारणाने. कालव्यातून पाणी झिरपतं ना, तशी एसएमपीएसमध्ये वीज वाया जाते. तिची होते उष्णता. समजा कॉम्प्युटरला ३०० वॅट हवेत. पेटी ८५ टक्के कार्यक्षम असेल, तर ती भिंतीतून ३५३ वॅट ओढते. ७० टक्केवाली ओढते ४२९. रोज चार तास खेळलात तर महिन्याला नऊ युनिटं नुसती पेटी तापवण्यात गेली. (रोज चार तास खेळता? आईला विचारू का?) म्हणून खोक्यावर '८० प्लस' असा शिक्का पाहतात. २००४ साली अमेरिकेत ही पद्धत सुरू झाली. निरनिराळ्या भारांवर पेटी तपासायची, किमान ऐंशी टक्के कार्यक्षम असेल तरच शिक्का द्यायचा. त्याच्या वर ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड वगैरे पायऱ्या. पण एक ध्यानात ठेवा. हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे, सुरक्षिततेचा नाही. शिवाय शिक्का काय, कुणीही छापू शकतो. खरा आहे की नाही ते त्यांच्या जाहीर यादीत मॉडेलचं नाव शोधून पाहता येतं.

पुढच्या खेपेला तपकीर गल्लीत गेले ती वही घेऊनच. हिशेब मांडलेला होता. कार्ड १२०, प्रोसेसर ८८, मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ५०. झाले २५८. कार्ड क्षणभर उसळी मारतं, म्हणून वर भरपूर मोकळी जागा. म्हणजे खरा ४५० चा पुरे. एका पेटीवर १२ व्होल्टच्या रकान्यात ३६ अँपिअर होते. बारा छत्तीसे चारशे बत्तीस! आकडा खोक्यावरच्या आकड्याच्या जवळ आला, हीच खूण. कार्डाची आठ पिनांची वायर पेटीलाच जोडलेली. आतले कपॅसिटर १०५ अंशांपर्यंत टिकणारे. स्वस्तातले ८५ चे असतात, आणि आपला एप्रिल तुम्हाला माहीत आहेच. वॉरंटी पाच वर्षांची. किंमत तीन हजार दोनशे. दुकान दुसरं होतं, पण तिथल्या काकांनीही विचारलंच, "भावासाठी का?" या वेळी मी म्हटलं, "कॉम्प्युटरसाठी."

वाटलं, संपलं. कुठलं! नवी पेटी बसवली, सुरू केली, आणि कॅबिनेटला हात लागताच बोटांना झिणझिण्या. तुमच्याही घरी असं होतं का? होत असेल तर आजच मोठ्यांना सांगा. बहुतेक एसएमपीएसमध्ये विजेतला कचरा जमिनीत सोडायला छोटे कपॅसिटर असतात. तिसऱ्या पिनेतून अर्थिंग मिळालं नाही, की तो थोडासा प्रवाह कॅबिनेटच्या पत्र्यावर येऊन बसतो. आमच्या सॉकेटला भोकं तीन होती, पण तिसऱ्याच्या मागे वायरच नव्हती! वायरमनकाकांनी अंगणात खड्डा केला, तांब्याची पट्टी पुरली, मीठ-कोळसा भरला. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं काम आता माझ्याकडे आहे.

आणखी एक गंमत. खडकवासल्यात पहिला पाऊस पडला की दिवे जाणारच, म्हणून घरी इन्व्हर्टर आहे. दिवे जातात आणि इन्व्हर्टर चालू होतो, त्यामधल्या क्षणात कॉम्प्युटर कशावर चालतो? एसएमपीएसमधल्या त्या मोठ्या कपॅसिटरवर. तो पेटीतलं छोटं धरणच आहे. पण साठा किती? चांगल्या पेटीत सुमारे १६ मिलिसेकंद पुरेल इतका. विजेचा एक पूर्ण हेलकावाही त्याहून लांब, २० मिलिसेकंदांचा. आमचा इन्व्हर्टर त्याहून आळशी निघाला, कॉम्प्युटर दर वेळी बंद पडायचा. मग सापडलं की त्याच्या मागच्या बाजूला एक खटका आहे, तो 'यूपीएस' या बाजूला सरकवला की इन्व्हर्टर चटकन जागा होतो. दोन वर्षं तो खटका तिथेच होता, कुणी पाहिला नव्हता.

आता राहिले आजोबा. दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा मोबाइल घेऊन त्यांच्यासमोर बसले. "परत?" ते म्हणाले. पण सांगायला लागले. या वेळी एकाच संध्याकाळी उरकलं, चाळीस मिनिटांत. टेकाड आलं, भिंतीवरून पडणारं पाणी आलं, चिखलात रुतलेल्या धान्याच्या कणग्या आल्या. मधेच म्हणायचे, "ते मागे सांगितलंय की तुला." गोठ्यातली म्हैस दावं तोडून पोहत काठाला लागली होती, तीही आली. पण पहिल्या वेळी आजोबांनी तिचं नाव सांगितलं होतं. ते सांगताना हसलेही होते. मी विचारलं, "आजोबा, तिचं नाव काय होतं?"

ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मलाही काही केल्या आठवेना.

ती फाइल आता तीन ठिकाणी ठेवली आहे. कॉम्प्युटरवर, बाहेरच्या डिस्कवर आणि आत्याच्या घरी पेनड्राइव्हवर. एकतिसाव्या मिनिटाला माझा प्रश्न आहे, मग पंख्याची घरघर, आणि मग आजोबा, "होतं गं काहीतरी."